मुंबईचीं पानगृहें



आजच्या भाषणाचा विषय ऐकून आपल्यापैकीं कांहींच्या भुंवया वर गेल्या असतील. जन्मभर फळ्यासमोर उभें राहून मुलांना इतिहास आणि गणित शिकविणाऱ्या एका निवृत्त मास्तरानें मुंबईच्या पानगृहांविषयीं बोलावें, हें कांहींसें विपरीतच दिसतें. म्हणून आरंभींच खुलासा करतों. मी दारूची जाहिरात करावयास आलेलों नाहीं, आणि मद्यपाननिषेधावर कीर्तन करावयासही आलेलों नाहीं. हीं दोन्ही कामें करणारे लोक आपल्याकडे भरपूर आहेत आणि तीं ते माझ्यापेक्षां चांगलीं करतात. माझा प्रश्न निराळा व साधा आहे. या शहरांत रोज संध्याकाळीं हजारों माणसें कामावरून सुटल्यावर घटकाभर कोठें तरी पेला घेऊन बसतात. त्या जागांपैकीं चांगली कोणती आणि वाईट कोणती, हें ओळखावें कसें?

हा प्रश्न आपल्या घरचा नव्हे, असें म्हणण्याची सोय आतां राहिलेली नाहीं. घरांतला पंचविशी उलटलेला मुलगा, आणि मुलगीही, कचेरींतल्या सोबत्यांबरोबर महिन्यांतून एक-दोन वेळां अशा ठिकाणीं जातात, हें आपल्याला ठाऊक असतें. आपल्याला तें ठाऊक आहे हें त्यांनाही ठाऊक असतें. तरी जेवणाच्या वेळीं तो विषय ताटापाशीं येत नाहीं. भाजी निवडावी कशी, सोनें पारखावें कसें, घर घेतांना कागदपत्र कोणते पाहावे, हें सारें आपण मुलांना शिकवितों. पानगृह कसें पारखावें, हें मात्र त्यांनीं ठेंचा खात आपापलें शिकावें, असा आपला रिवाज आहे. या रिवाजाची किंमत कांहीं घरांना फार जबर पडलेली आहे. तिच्याकडे मी पुढें येणारच आहें.

प्रथम थोडा इतिहास. कॉकटेल हा शब्द आपण परदेशी म्हणून ऐकतों, आणि तो परदेशीच आहे. १८०६ सालीं न्यूयॉर्क राज्यांतील हडसन गांवच्या एका वृत्तपत्रानें वाचकाच्या शंकेला उत्तर देतांना त्याची व्याख्या छापली: कोणतेंही कडक मद्य, साखर, पाणी आणि कडू अर्क यांचें मिश्रण. पण मद्यांत आंबट, गोड आणि पाणी घालून त्यांचा तोल साधण्याची कला इंग्रजांच्या हातीं त्याच्या कितीतरी आधीं आली होती, आणि ती येथें, हिंदुस्थानांत आली. त्या पेयाचें नांव पंच. १६३२ सालीं कंपनीच्या एका नोकरानें हिंदुस्थानांतील आपल्या सोबत्यास लिहिलेल्या पत्रांत हें नांव येतें.

ईस्ट इंडिया कंपनीचा एक डॉक्टर जॉन फ्रायर शिवछत्रपतींच्या काळांत मुंबई, सुरत, गोवा या भागांत हिंडला. १६९८ सालीं छापलेल्या आपल्या प्रवासवर्णनांत तो लिहितो कीं, सर्वांत उत्तम अरक नेरुळास होतो. हें नेरुळ म्हणजे गोव्याच्या बारदेशांतलें. नव्या मुंबईंतलें नव्हे. त्या अरकापासून इंग्रज लोक पंच नांवाचें, माणसाला गळून टाकणारें पेय करतात, आणि हिंदुस्थानी भाषेंत पंच म्हणजे पांच, कारण त्यांत पांच पदार्थ पडतात, असें त्याचें म्हणणें. अरक, लिंबू, साखर, पाणी आणि मसाला, हे ते पांच पदार्थ होत, असें सामान्यतः सांगतात. ही व्युत्पत्ति सगळ्या पंडितांना मान्य नाहीं. हा शब्द एका तऱ्हेच्या पिंपाच्या इंग्रजी नांवावरून आला, असेंही कांहीं जण म्हणतात. तो वाद आपण पंडितांवर सोपवूं. पण पंचामृत आणि पंचखाद्य करणाऱ्या समाजाला फ्रायरचें म्हणणें अगदींच परकें वाटूं नये.

टॉडी या इंग्रजी शब्दाविषयीं तर वादच नाहीं. तो आपल्या ताडीवरून गेला. पुढें स्कॉटलंडांत थंडीच्या दिवसांत गरम पाणी व साखर घालून घेतात त्या व्हिस्कीलाही तेंच नांव चिकटलें. मुंबईच्या ताडामाडांवर कोयती घेऊन चढणाऱ्या भंडाऱ्यांच्या धंद्यांतला शब्द असा थेट एडिंबरोच्या शेकोटीपाशीं जाऊन बसला. अरक हा मूळचा अरबी शब्द. त्याचा अर्थ घाम. भट्टींतल्या वाफेचे थेंब गार भांड्यावर जमतात ते घामासारखे दिसतात, म्हणून हें नांव. आणि आपला गुत्ता हा शब्द? गुत्ता म्हणजे मक्ता. सरकारनें दारूविक्रीचा मक्ता द्यावा आणि मक्तेदारानें दुकान मांडावें, यावरून दुकानालाच गुत्ता म्हणूं लागले. म्हणजे सरकार आणि दारू यांचें नातें आपल्या भाषेंत फार पूर्वींच नोंदलें गेलें आहे.

या नात्यांतला एक जुना दाखला मला फार मोलाचा वाटतो. १६९४ सालीं मुंबईच्या इंग्रज सरकारनें खानावळींसाठीं एक हुकूम काढला. खानावळींत पंच पिण्यास आलेल्या गिऱ्हाइकाला एक क्वार्ट, म्हणजे सुमारें एक लिटर, चांगला गोव्याचा अरक, अर्धा पौंड साखर आणि अर्धा पाइंट लिंबाचा रस मागण्याचा हक्क आहे, आणि त्यानें आपला पंच आपल्या हातानें कालवून घ्यावा, असा त्या हुकुमाचा आशय आहे. सरकारच्या मनांत त्या वेळीं काय असेल तें असो. पण गिऱ्हाइकाला माल दिसला पाहिजे, माप ठाऊक पाहिजे आणि मिश्रण त्याच्या डोळ्यांदेखत झालें पाहिजे, एवढ्या गोष्टी त्या हुकुमांत स्पष्ट आहेत. सव्वातीनशें वर्षांनंतर आज कोणी मला चांगल्या पानगृहाचें लक्षण विचारलें, तर मी याहून निराळें फारसें कांहीं सांगणार नाहीं.

पुढें या पेयांत दोन पदार्थांची भर पडली. एक बर्फ. १८३३ सालीं अमेरिकेंतील बोस्टनहून तळ्यांतला गोठलेला बर्फ भुशांत बांधून जहाजानें कलकत्त्यास आला, आणि थोड्याच काळांत तो मुंबईसही येऊं लागला. मे महिन्यांत गार पेला ही त्या काळची केवढी नवलाई असेल, तें आपण शीतकपाटाच्या युगांतले लोक कल्पूं शकणार नाहीं. दुसरा पदार्थ सोडा. गोळीच्या बाटलीचें पेटंट हिराम कॉड या इंग्रजानें १८७२ मध्यें घेतलें. पण ती बाटली आपल्याकडे इतकी रुळली कीं, फट् करून गोळी आंत ढकलण्याचा आवाज हा मुंबईच्या नाक्याचाच आवाज वाटावा. १९०३ सालीं अपोलो बंदरावर ताजमहाल हॉटेल उघडलें आणि १९३३ सालीं तेथें हार्बर बार सुरू झाला. अमेरिकेनें आपली दारूबंदी उठविली, तेंही याच १९३३ मध्यें. मुंबई मात्र थोड्याच वर्षांत उलट्या वाटेला लागली.

दारूबंदीमागें तळमळ होती, हें प्रथम मान्य केलें पाहिजे. गिरणगांवांतल्या कामगाराचा पगार शनिवारीं हातांत पडावा आणि रविवारीं सकाळीं त्याच्या बायकोनें वाण्याकडे उधारी मागावी, हें चित्र ज्यांनीं पाहिलें त्यांना गुत्ता बंद करावासा वाटला, यांत नवल नाहीं. काँग्रेस मंत्रिमंडळांतील डॉ. गिल्डर यांच्या खात्यानें १ ऑगस्ट १९३९ पासून मुंबई शहरांत दारूबंदी जारी केली. महायुद्ध सुरू झालें, मंत्रिमंडळानें राजीनामा दिला आणि ती बंदी ढिली पडली. स्वातंत्र्यानंतर १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा आला आणि १९५० च्या एप्रिलपासून प्रांतभर संपूर्ण बंदी झाली. त्या वेळीं मोरारजी देसाई गृहमंत्री होते. हा कायदा सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. १९५१ मध्यें न्यायालयानें त्याचा बराचसा भाग ग्राह्य ठरविला. मात्र मद्यार्क असलेलीं औषधें आणि सौंदर्यप्रसाधनें यांवरची बंदी मोडीत काढली.

कायदा झाला, पण तहान गेली नाहीं. ती अंधारांत गेली. ज्याला प्यावयाचें असे त्यानें डॉक्टरकडून प्रकृतीच्या कारणाचा दाखला आणून परवाना काढावा. ज्याला तें जमत नसे त्यानें धोबीतलाव, वांद्रें अशा वस्त्यांतून एखाद्या ख्रिस्ती बाईच्या घरीं जावें. त्या बाईला सगळे आंटी म्हणत. पुढच्या खोलींत बाकडें, भिंतीवर येशूची तसबीर, चण्यांची बशी आणि पेल्यांत काय आहे तें विचारावयाचें नाहीं, अशी रीत. यांतल्या पुष्कळ बायका पोरांचें शिक्षण करण्यासाठीं हा उद्योग करीत आणि आपल्या परीनें सचोटीनें करीत. पण भट्टी खाडीकांठच्या दलदलींत. माल रात्रीचा, चाकाच्या रबरी नळींत भरून आलेला. त्याची हमी आंटीनें तरी कशी द्यावी? पुढें १९६० आणि १९७० च्या दशकांत बंदी सैल होत गेली आणि उघड परवान्याचीं पानगृहें आलीं. पण त्यांच्या पाटीवर नांव पडलें परमिट रूम. आंत काळ्या कांचा, मिणमिणता तांबडा दिवा, आणि आंत शिरतांना मान खालीं घालणारा गृहस्थ. बंदी गेली, तरी तिनें लावलेली अंधाराची संवय आपल्या शहरांत राहिली.

आतां त्या किमतीविषयीं. जून २०१५ मध्यें मालाडच्या मालवणींत विषारी दारू पिऊन शंभराहून अधिक माणसें मेलीं. तीं बहुतेक हातावर पोट असलेलीं माणसें होतीं. त्या दारूंत मेथिल अल्कोहोल होतें. नेहमींच्या मद्यार्काचाच हा भाऊबंद, पण शरीरांत गेल्यावर त्याचें फॉर्मिक आम्ल होतें. तें डोळ्यांच्या मज्जातंतूंवर घाला घालतें, आणि मग प्राणांवर. वासावरून वा चवीवरून पिणाऱ्याला कांहीं उमगत नाहीं. सकाळीं डोळ्यांपुढें धुकें दिसूं लागलें म्हणजे समजावयाचें, आणि तेव्हां पुष्कळदां फार उशीर झालेला असतो. हें दुःख झोपडींतलें, आपलें नव्हे, असें शिकल्या-सवरल्या घरांनीं समजूं नये. २९ डिसेंबर २०१७ च्या मध्यरात्रीनंतर लोअर परळच्या कमला मिल आवारांत एका गच्चीवरच्या पानगृहांत आग लागली. चौदा जीव गेले. तीं सुस्थितींतल्या घरांतलीं माणसें होतीं, बरींचशीं ऐन तारुण्यांतलीं. बाहेर पडण्याची वाट न सांपडल्यामुळें कित्येक जण प्रसाधनगृहांत शिरलीं आणि धुरानें गुदमरलीं. एका ठिकाणीं पेल्यांत काय आहे तें दिसलें नाहीं. दुसऱ्या ठिकाणीं दार दिसलें नाहीं.

तेव्हां पारख शिकली पाहिजे. मी स्वतः लिंबाच्या सरबतापलीकडे गेलेला माणूस नव्हे. म्हणून ही विद्या मला एका विद्यार्थ्याकडून घ्यावी लागली. माझा एक जुना विद्यार्थी लोअर परळच्या एका पानगृहांत पेयें बनवितो. शाळेंत गुणोत्तर-प्रमाण म्हटलें कीं त्याच्या पोटांत गोळा यावयाचा. गेल्या वर्षीं तो भेटला आणि गिऱ्हाइकें येण्याच्या आधीं, दुपारीं चारच्या सुमारास, मला आपली जागा दाखवावयास घेऊन गेला. लांकडी ओट्यामागें तो उभा राहिला आणि समोर तीन मापें मांडलीं: साठ मिलिलिटर, तीस, आणि साडेबावीस. साठ भाग मद्य, साडेबावीस लिंबाचा ताजा रस, साडेबावीस साखरेचा पाक. “सर, लिंबू आंबट निघालें तर पाक वाढतो, पण मद्य वाढत नाहीं,” तो म्हणाला. “प्रमाण चुकलें कीं गिऱ्हाईक पेला परत पाठवितें.” जें मला तीन वर्षांत शिकवितां आलें नाहीं, तें त्याला गिऱ्हाइकानें शिकविलें होतें.

बर्फाची गोष्टही त्यानेंच सांगितली. बर्फाचें काम नुसतें गार करणें नव्हे; पेल्यांत जें पाणी पडावयाचें तें बर्फ वितळूनच पडतें. चुऱ्याचा बर्फ चटकन वितळतो आणि पेय पाणचट होतें. मोठा, घट्ट खडा सावकाश वितळतो. फळांचा रस असला तर भांडें बंद करून घुसळावें. नुसतीं मद्यें असलीं तर लांब चमच्यानें हलकेंच ढवळावें, म्हणजे पेय नितळ राहतें. सकाळीं त्याचे दोन तास लिंबें पिळण्यांत, पाक करण्यांत आणि बर्फ कापण्यांत जातात. त्याचे वडील मात्र शेजाऱ्यांना अजून “मुलगा हॉटेलांत आहे” एवढेंच सांगतात. त्यांचा तरी काय दोष? या कामाला आपल्याकडे धड शब्द नाहीं. कलाल म्हटलें तर शिवी होते, आणि साकी म्हटलें तर गझल. हातानें नेमकें काम करणारा एक कष्टाळू तरुण आपल्या शब्दांत कोठेंच बसत नाहीं. जोंपर्यंत आपण त्याला नांव देत नाहीं, तोंपर्यंत तो धंदाही अंधारांतच राहावयाचा.

त्या दुपारीं जें शिकलों त्यांत माझ्या मास्तरकीची भर घालून मी पांच कसोट्या ठरविल्या आहेत. पंचाचे पदार्थ पांच, तशा ह्या कसोट्याही पांच.

पहिली कसोटी मापाची. पेय मापानें ओतलें जातें कीं अंदाजानें? किती मिलिलिटर मद्याला किती रुपये, हें छापील यादींत लिहिलें आहे काय? अंदाजानें ओतणारा उदार असतो हा भ्रम आहे. कमी ओतलें तर पैसे जातात, अधिक ओतलें तर शुद्ध जाते.

दुसरी कसोटी मालाची. बाटली आपल्यासमोर येते काय? आपल्या साध्या क्वार्टर बारमध्यें एक फार चांगली चाल आहे. पोऱ्या मोहोरबंद बाटली टेबलापाशीं आणतो आणि गिऱ्हाइकासमोर तिचें बूच फोडतो. झगमगाटाच्या कित्येक जागांत ही चाल नाहीं. कॉकटेलच्या जागेंत निदान ओटा दिसेल असें बसावें. लिंबें कापलेलीं दिसतात कीं हिरव्या रंगाच्या बाटलींतून रस येतो, एवढें पाहिलें तरी पुष्कळ समजतें.

तिसरी कसोटी बिलाची. यादींतला दर आणि बिलांतला दर जुळतो काय? कर निराळा दाखविला आहे काय? सेवाशुल्क देणें न देणें गिऱ्हाइकाच्या खुषीवर आहे, असें केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानें २०२२ सालीं स्पष्ट केलें आहे. हें शांतपणें सांगणाऱ्या गिऱ्हाइकाशीं जी जागा सभ्यपणें वागते, ती बाकीच्या बाबतींतही बहुधा सभ्य असते.

चौथी कसोटी न पिणाऱ्याच्या मानाची. टेबलावरच्या चौघांपैकीं एकानें कोकमाचें सरबत मागितलें, तर वाढणारा नाक मुरडतो काय? एकटी बाई पेला घेऊन पुस्तक वाचीत बसली, तर तिच्याकडे चार डोळे वळतात काय? जेथें न पिणाऱ्याला आणि एकट्या बाईला निर्धास्त बसतां येतें, तेथें पिणाऱ्याचाही तोल सहसा सुटत नाहीं, असें मला दिसून आलें आहे. आणि पेल्याजवळ खाण्याची बशी हवीच. चण्यांचा, काकडीचा, शेंगदाण्यांचा आपला चखणा हा नुसता जिभेचा चोचला नव्हे. पोटांत अन्न असलें म्हणजे मद्य रक्तांत सावकाश चढतें.

पांचवी कसोटी बाहेरच्या वाटेची. बसण्यापूर्वीं दुसरें दार कोठें आहे तें पाहून ठेवावें. तें खुर्च्यांनीं वा खोक्यांनीं अडलेलें असलें तर तेथून उठावें. शेजारची मंडळी हंसतील, हंसूं द्यावीं. याच कसोटींत घरीं जाण्याची वाटही आली. शंभर मिलिलिटर रक्तांत तीस मिलिग्रॅमहून अधिक मद्यार्क असतांना गाडी हांकणें हा आपल्या देशांत गुन्हा आहे. ही मर्यादा आपण ओलांडली कीं नाहीं, हें ज्यानें पेला घेतला आहे त्यालाच नीटसें समजत नाहीं. म्हणून ज्या संध्याकाळीं पेला, त्या संध्याकाळीं गाडीची किल्ली घरीं, एवढा एकच नियम पुरे.

आतां ह्या कसोट्या बरोबर घेऊन शहरांत हिंडूं. कुलाब्यास लिओपोल्ड आहे. १८७१ सालीं इराणी मंडळींनीं सुरू केलेली ही जागा. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्रीं तेथें गोळीबार झाला, माणसें पडलीं, आणि थोड्याच दिवसांत तिनें पुन्हां दारें उघडलीं. भिंतींतल्या गोळ्यांच्या खुणा तिनें बुजविल्या नाहींत. पंख्याखालीं, रस्त्याकडे तोंड करून, भर उजेडांत बियरचा पेला घेऊन बसावें अशी ती जागा आहे. जवळच १९३२ पासूनचें कॅफे माँडेगार. त्याच्या भिंतींवर मारिओ मिरांडा यांचीं व्यंगचित्रें आहेत. एकटा गेलेला मनुष्यही तीं पाहतां पाहतां कंटाळत नाहीं. या दोन्ही जागा कॉकटेलच्या नाजूक कलेसाठीं नव्हेत. त्यांचा गुण त्यांचें उघडेपण. ज्याला ती कला जुन्या डौलांत पाहावयाची आहे आणि ज्याच्या खिशाला सोसतें, त्यानें ताजमधल्या हार्बर बारमध्यें एकदां जावें. खिडकींतून बंदर दिसतें, आणि एक पेला दीड तास पुरवावा हें तेथें आपोआप सुचतें.

फोर्टांत मंगळुरी पद्धतीचीं लंचहोमें आहेत. तेथें पेला हा सुरमई-तिसऱ्यांच्या जेवणाचा सोबती म्हणून येतो. जेवण मुख्य, पेला गौण. माझ्या मतें गृहस्थाला शोभणारी ही सर्वांत उत्तम रीत आहे. गिरगांव, दादर, लालबाग येथील क्वार्टर बारांना सुशिक्षित लोक नांवें ठेवतात. पण मोहोरबंद बाटली, ठरलेला दर आणि उकडलेले चणे या तीन गोष्टींत त्यांतले कित्येक पहिल्या नंबरानें उत्तीर्ण होतील. नापास होतील ते उजेडांत, आणि बायांच्या सोयींत.

लोअर परळ आणि वांद्रें येथें कॉकटेलची नवी विद्या पाहावयास मिळते. ज्या गिरणगांवांत १९८२ च्या संपांत सुमारें अडीच लाख कामगार उतरले, त्याच्या आवारांत आज पेले किणकिणतात. हा बदल पाहून माझ्यासारख्याच्या मनांत कालवाकालव होते. पण त्या जागीं चाललेल्या कामांत चांगलें कांहींच नाहीं, असें म्हणणें खोटेपणाचें होईल. २०१५ सालीं कमला मिल आवारांत उघडलेल्या बॉम्बे कॅन्टीननें आपल्याच देशांतले जिन्नस आणि रुचि यांना मानाचें पान वाढलें, आणि त्या वाटेनें इतरही निघाले. परदेशी पाकांच्या बाटल्यांऐवजीं कोकम, कैरी, गूळ, चिंच असे जिन्नस आतां ओट्यावर दिसूं लागले आहेत. गोव्यांत जिन गाळणाऱ्या एका मंडळीनें तर हिमालयांतल्या हपुषेच्या फळांवरून आपल्या जिनला हपुषा हेंच संस्कृत नांव दिलें. काजूच्या फेणीला २००९ सालीं भौगोलिक मानांकन मिळालें, आणि फ्रायरनें वाखाणलेल्या गोव्याच्या भट्टीचा हा वंशज आज कांहीं ठिकाणीं लिंबूसाखरेबरोबर पुन्हां एकत्र येतो. तीनशें वर्षांपूर्वींचा पंच असा आपल्या घरीं परत आला आहे.

एक गोष्ट कायद्याची. १९४९ चा तो कायदा महाराष्ट्रांत आजही आहे. त्याप्रमाणें पिणाऱ्याजवळ परवाना लागतो; तो एका दिवसाचा, वर्षाचा किंवा आजन्मही मिळतो. बियरसाठीं वय एकवीस आणि कडक मद्यासाठीं पंचवीस पुरें असावें लागतें. हे नियम कोणी पाळीत नाहीं, असें हंसत सांगण्याची आपल्याकडे चाल आहे. पण ज्या घरांत मुलांना रांगेंत उभें राहावयास शिकवितात, त्या घरानें येथेंही तेंच शिकवावें. आणि ज्याला मद्याचा पेला एकदां हातीं घेतला कीं खालीं ठेवतां येत नाहीं, त्याच्यासाठीं मुंबईंत एकही चांगलें पानगृह नाहीं. त्याला पानगृहाची पारख नको, वैद्याची मदत हवी, आणि तीही लाज न बाळगतां.

शेवटीं घरांतल्या वडील मंडळींना एक विनंति. पुढच्या वेळीं मुलगा किंवा मुलगी रात्रीं उशिरां येणार असें सांगेल, तेव्हां “कोठें चाललात?” असा पोलिसी प्रश्न विचारूं नका. “जागा कशी आहे रे? दुसरें दार आहे ना? परत येतांना गाडी कोण हांकणार?” असें विचारा. पहिल्या दिवशीं तो चपापेल. दुसऱ्या वेळीं उत्तर देईल. तिसऱ्या वेळीं कदाचित् आपण होऊन सांगेल कीं, “बाबा, ती जागा आम्हांला बरी वाटली नाहीं, उठून आलों.” त्या दिवशीं आपल्या घरापुरता तो काळ्या कांचांचा अंधार संपला, असें समजावें.